'पेक्युनिअरी'पासून 'पशू'पर्यंत: एका व्युत्पत्तीच्या कामाच्या नोंदी

6 जानेवारी

आज शब्द ठरला: इंग्रजीतला 'पेक्युनिअरी'. अर्थ 'पैशासंबंधीचा'. आपल्याकडे तो मुख्यतः दिवाणी न्यायालयात ऐकू येतो. किती रकमेपर्यंतचा दावा कोणत्या कोर्टात दाखल करायचा, त्या मर्यादेला वकील 'पेक्युनिअरी ज्युरिस्डिक्शन' म्हणतात.

हा शब्द घेण्याचं कारण त्याच्यासोबत फिरणारं एक वाक्य: "रोमन लोकांचा पैसा म्हणजे त्यांची गुरं, म्हणून गुरांच्या नावावरून पैशाला पेकूनिआ नाव पडलं." पाठ्यपुस्तकांत, प्रश्नमंजूषांत, कायद्याच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत ते तसंच्या तसं असतं. वाक्यात दोन दावे एकत्र शिवले आहेत. एक ध्वनीचा, म्हणजे हा शब्द त्या शब्दापासून आला. दुसरा अर्थाचा, म्हणजे अर्थ गुरांकडून पैशाकडे सरकला. दोन्हींचा पुरावा वेगळ्या जातीचा असतो, म्हणून नोंदीत दोन रकाने. प्रत्येक पायरीला दोन्ही रकान्यांत स्वतंत्र शेरा: 'पक्कं', 'बहुधा' किंवा 'वाद'.

लेखनाचे संकेत आधीच ठरवून ठेवलेले बरे. मध्येच बदलले की जुन्या टिपणांतली रूपं वाचता येत नाहीत.
- कुठल्याही लेखात न सापडणारं, तुलनेनं बांधलेलं रूप असेल तर आधी तारका.
- आदि-इंडोयुरोपीय भाषेतला (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी वगैरेंची तुलनेनं बांधलेली मूळ भाषा) तालव्य क दाखवायला क'. साधा क वेगळा.
- देवनागरीत ऱ्हस्व ए नाही. परक्या शब्दांत 'ए' दिसला की तो ऱ्हस्वच समजायचा.
- लॅटिन 'सी'चा उच्चार सगळीकडे क.

या संकेतांनुसार 'पेकूनिआ' आणि 'पशू' यांच्या मागचं मूळ रूप *पेक'उ असं लिहू.

7 जानेवारी

इंग्रजी ते लॅटिन ही सगळ्यात सोपी पायरी. शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला येतो, लॅटिन 'पेकूनिआरिउस'वरून. '-आरिउस' हा 'त्यासंबंधीचा' अशा अर्थाचा नेहमीचा प्रत्यय. ध्वनी पक्कं, अर्थ पक्कं.

भावंडंही याच वेळी गोळा केली, कारण पुढे अर्थाच्या रकान्यात त्यांची साक्ष लागेल. 'इम्पेक्युनिअस' म्हणजे कफल्लक. 'पेक्युलेट' म्हणजे अफरातफर करणे. लॅटिन 'पेकूलातुस' हा सरकारी पैशाच्या अपहाराच्या गुन्ह्याचं नाव होता. आणि 'पेक्युलिअर', ज्याचा आज पैशाशी काही संबंध दिसत नाही. रोमन कायद्यात कुटुंबातलं सगळं कुटुंबप्रमुखाच्या मालकीचं असे. पण गुलामाला किंवा हाताखालच्या मुलाला थोडी मालमत्ता स्वतंत्रपणे हाताळायला दिली जाई, तिला 'पेकूलिउम' म्हणत. त्यावरून 'पेकूलिआरिस' म्हणजे 'ज्याचं त्याचं, खासगी'. इंग्रजीत पंधराव्या शतकात तो 'एखाद्याचाच खास' या अर्थानं आला आणि पुढे 'इतरांसारखा नसलेला', म्हणून 'विचित्र' झाला.

शब्दकोशात पाहताना आजचा अर्थ आधी वाचायचा नाही. सगळ्यात जुनं उदाहरण आधी. 'पेक्युलिअर'ची सुरुवात 'विचित्र'पासून केली तर मागे जायला वाटच उरत नाही.

10 जानेवारी

लॅटिनच्या आतली रचना. इथे कोश उघडताच पहिला खड्डा येतो. लुईस आणि शॉर्ट यांच्या 1879च्या कोशात 'पेकुस' दोनदा आहे. षष्ठीचं रूप पाहिलं नाही तर दोन्ही एकच वाटतात:
- पेकुस, षष्ठी पेकोरिस, नपुंसकलिंगी: कळप, जनावरं, समूहवाचक.
- पेकुस, षष्ठी पेकुदिस, स्त्रीलिंगी: एकेकटं जनावर.

या दोघांशिवाय तिसरा जुना 'पेकू', उकारान्त नपुंसक. आपल्याला हवा आहे तो हाच. 'पेकूनिआ' आणि 'पेकूलिउम' या दोन्हींत 'पेकू-' अंग स्पष्ट दिसतं. 'पेकोरिस'मधल्या '-ओर-'चा किंवा 'पेकुदिस'मधल्या 'द'चा त्यांत मागमूस नाही. म्हणून नोंदीत "पेकुसपासून" असं लिहायचं नाही, "पेकूपासून" लिहायचं. लहानसा फरक, पण बहुतेक लोकप्रिय टिपणं इथेच घसरतात.

ध्वनी पक्कं. अर्थाचा रकाना कोरा ठेवला.

13 जानेवारी

रोमन साक्षीदार. तिघे बोलावले.

वारो 'लॅटिन भाषेविषयी' या ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात (5.92, 5.95) म्हणतो की पेकूवरून पेकूनिआ आलं, कारण मेंढपाळांची सगळी संपत्ती जनावरांतच असे. वारो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. तो ज्या काळाबद्दल बोलतो तो त्याच्या शेकडो वर्षं मागचा. व्युत्पत्ती सांगण्यात तो मोठा अभ्यासू, पण ध्वनिनियम त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या कितीतरी व्युत्पत्ती सपशेल चुकीच्या आहेत. इथे शब्द बरोबर सापडला म्हणून कारणही बरोबर, असं होत नाही.

प्लिनी 'निसर्गेतिहास' या ग्रंथात (33.43) वेगळंच सांगतो. राजा सर्विउस तुलिउस यानं पहिल्यांदा ब्राँझवर छाप मारला, छाप जनावरांचा होता, म्हणून पेकूनिआ. ही गोष्ट कालगणनेत बसत नाही. सर्विउस परंपरेनुसार इसपू सहाव्या शतकातला. बैलाचं चित्र असलेल्या, साधारण दीड किलो वजनाच्या रोमन ब्राँझच्या विटा हाती आहेत, पण त्या इसपू तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या. त्या साच्यात ओतलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर फक्त बैल नाही: हत्ती, डुकरीण, तलवार, तिवई, जहाजाचा नांगर हेही आहे. हत्ती-डुकरिणीची वीट पाहून पैशाला कुणी हत्तीचं नाव दिलं नाही. शिवाय 'पेकूनिआ' रोमच्या इसपू 451–450च्या बारा फलकांच्या कायद्यातच 'मालमत्ता' या अर्थानं आहे ('फामिलिआ पेकूनिआक्वे'). म्हणजे शब्द विटांहून जुना. प्लिनीची साक्ष बाद.

तिसरा आउलुस गेल्लिउस ('अ‍ॅटिक रात्री' या ग्रंथात, 11.1), सगळ्यात कामाचा. तो दंडाची कमाल मर्यादा देतो: दोन मेंढ्या आणि तीस बैल. पुढे जनावरं कमी-जास्त प्रतीची निघू लागली, तेव्हा दर ठरवला: मेंढीला 10 आस (रोमन नाणं), बैलाला 100 आस. मिळून 3,020 आस, आणि 'कमाल दंड' म्हणून हाच आकडा इतरत्रही येतो. जनावरांत मोजणी होत असे याला हा ठोस आधार. पण त्यातून 'पेकूनिआ' शब्द कसा घडला हे सिद्ध होत नाही. गेल्लिउसचा उतारा अर्थाच्या रकान्यात 'पूरक' म्हणून ठेवला.

17 जानेवारी

आदिभाषेची पायरी. हाती असलेली रूपं: लॅटिन पेकू, संस्कृत पशु, अवेस्ती (जुनी इराणी भाषा) पसु, आणि जर्मानिक शाखेतली गॉथिक फेहू, जुनी इंग्रजी फेओह, जुनी नॉर्स फे, जर्मन फी (म्हणजे गुरं).

कानाला ती सारखी लागतात, त्याला किंमत नाही. प्रत्येक ध्वनी वेगळा काढून त्याच जागी इतर शब्दांत तीच जुळणी मिळते का, हे पाहायचं. एका जुळणीला किमान तीन स्वतंत्र शब्द, हा आमचा किमान निकष.

पहिला ध्वनी: संस्कृत प, लॅटिन प, जर्मानिक फ. पितृ–पातेर–'फादर'. पाद–पेद-–'फुट'. पञ्च–क्वीन्क्वे–जर्मन फ्युन्फ. (क्वीन्क्वेमध्ये पुढच्या क्वच्या प्रभावानं सुरुवातीचा पही क्व झाला, म्हणून हे उदाहरण लॅटिनसाठी मोजलं नाही. त्याऐवजी प्र–प्रो–'फोर' घेतलं.)

मधला स्वर: संस्कृत अ, लॅटिन ए. दश–देकेम, अस्ति–एस्त, सप्त–सेप्तेम. इथे जुना स्वर लॅटिननं राखला आहे. संस्कृतात मूळचे अ, ए, ओ तिन्ही 'अ'मध्ये मिसळले.

मधलं व्यंजन: संस्कृत श, लॅटिन क, जर्मानिक ह. शत–केन्तुम–'हंड्रेड'. श्वन्–कानिस–'हाउंड'. दश–देकेम–गॉथिक तेहुन.

या ठिकाणी विद्यार्थी बहुतेक वेळा दोन वेगळे नियम एकत्र करतात. संस्कृतातला 'श' तालव्य क'पासून, त्याला पुढच्या स्वराची गरज नसते; 'पशु'मध्ये पुढे उ आहे तरी श आलाच. संस्कृतातला 'च' मात्र कंठ्य क किंवा क्वच्या पुढे मूळचा ए किंवा इ असेल तर येतो: 'च' आणि लॅटिन '-क्वे' ही जोडी, दोन्हींचा अर्थ 'आणि'. 'पञ्च'मधला च दुसऱ्या नियमाचा, 'पशु'मधला श पहिल्या नियमाचा.

शेवटचा उ तिन्हीकडे. शब्दाचं अंगही तिन्हीकडे उकारान्त. ध्वनी पक्कं.

21 जानेवारी

एक अडचण राहिली होती: स्वराघात. ग्रिमच्या नियमानं (मूळचे प, क' वगैरे जर्मानिकमध्ये फ, ह होतात) क' चा ह झाला, पण वेर्नरच्या नियमानुसार आघात ताबडतोब आधीच्या स्वरावर नसेल तर तो ह पुढे सघोष होतो. कसोटीची जोडी: वैदिक पितृ-मध्ये आघात दुसऱ्या स्वरावर, म्हणून गॉथिक फादार (द), भ्रातृ-मध्ये पहिल्यावर, म्हणून गॉथिक ब्रोथार (थ).

वैदिक 'पशु' पुल्लिंगी आणि आघात शेवटच्या उवर. तसा असता तर जर्मानिकमध्ये ग यायला हवा होता. आलाय ह. मग नातं मोडायचं?

मोडायचं नाही, ऋग्वेद उघडायचा. 3.53.23 मध्ये "लोधं नयन्ति पशु मन्यमानाः" असा पाद आहे. इथला 'पशु' नपुंसकलिंगी आहे आणि त्याचा आघात पहिल्या स्वरावर. लॅटिन पेकू नपुंसक, गॉथिक फेहूही नपुंसक. म्हणजे तीन शाखांत जुनं रूप नपुंसक, आणि आघात सुरुवातीला. पुल्लिंगी शेवटी-आघाताचं रूप ही भारतीय-इराणी बाजूची वेगळी घडण. ऋग्वेदातलं हे एक रूप नसतं तर ही गाठ अंदाजावरच राहिली असती. स्वरचिन्हं नसलेली संहिता या कामाला निरुपयोगी. छापील प्रत घेताना अनुदात्ताची आडवी रेघ आणि स्वरिताची उभी रेघ शाबूत आहे ना, हे आधी बघायचं. संगणकावरच्या कित्येक प्रतींत ती गळालेली असतात.

25 जानेवारी

लिथुआनियन 'पेकुस' म्हणजे गुरं, जुन्या प्रशियन भाषेत 'पेक्कू'. पाहताक्षणी आनंद होतो, आणि तिथेच सावध व्हायचं. लिथुआनियन शत-गटातली भाषा (संस्कृतसारखी, क' चा श किंवा स करणाऱ्या भाषांचा गट), तिथे क' चा श व्हायला हवा: शंभरला 'शिम्तास', दहाला 'देशिम्त'. मग '*पेशुस' हवं होतं.

उसना शब्द असेल असं म्हटलं तर कोणाकडून? जर्मानिककडून घ्यावा तर तिथे ह आहे. मग तो बदल होण्याआधी घेतलेला, किंवा पश्चिमेकडच्या दुसऱ्याच एखाद्या भाषेकडून. बाल्टिकमध्ये असे इतरही काही शब्द आहेत जिथे श ऐवजी क दिसतो, त्यामुळे घरातच क झाला असंही मत आहे. शेरा: वाद. हे रूप पुराव्याच्या साखळीत वापरायचं नाही, फक्त नोंदीच्या तळाला द्यायचं. साखळी त्याच्याशिवाय उभी राहते.

29 जानेवारी

*पेक'उ याच्याही मागे काही धातू आहे का? तीन उमेदवार.

'पश्यति'. शतपथ ब्राह्मणात "त्यानं पाहिले, म्हणून ते पशू" अशा धर्तीची व्युत्पत्ती मिळते. ब्राह्मणग्रंथांतल्या अशा व्युत्पत्ती यज्ञाच्या अर्थासाठी असतात, इतिहासासाठी नव्हे. शिवाय 'पश्यति'चं मूळ *स्पेक', लॅटिन 'स्पेकिओ'. सुरुवातीचा स 'स्पश' म्हणजे हेर या शब्दात अजून आहे. 'पशु'च्या कुठल्याही रूपात स नाही. बाद.

'पाश'. पशू म्हणजे बांधलेला, शैव तत्त्वज्ञानात तर पशु-पाश-पति ही त्रयीच आहे. पण 'पाश'मधला दीर्घ आ मूळच्या आ-रंगाच्या धातूचा, लॅटिन 'पाक्स'च्या घराण्यातला; 'पशु'मधला अ मूळच्या ए-चा. संस्कृतात दोन्ही एकमेकांजवळ आले, लॅटिनमध्ये पेकू आणि पाक्स सरळ वेगळे दिसतात. बाद.

तिसरा उमेदवार भारी: *पेक', लोकर उपटणे, विंचरणे. लॅटिन 'पेक्तो' विंचरतो, 'पेक्तेन' कंगवा. ग्रीक 'पेको' विंचरणे, 'पोकोस' लोकर. जुनी इंग्रजी 'फेआक्स' केस. लिथुआनियन 'पेश्ती' उपटणे (इथे श अगदी नियमाप्रमाणे, त्यामुळे वरच्या 'पेकुस'चं कोडं आणखी गडद होतं). आर्मेनियन 'असर' म्हणजे लोकर, षष्ठीत 'असु', उकारान्त अंगासकट. हे मत धरलं तर *पेक'उ म्हणजे आधी 'लोकर देणारी', म्हणजे मेंढी. ध्वनीला हरकत नाही. अर्थ: वाद.

3 फेब्रुवारी

अर्थाचा रकाना. एमिल बेनवेनिस्त यांनी 1969मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोयुरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील ग्रंथात नेमका हाच प्रश्न उलटा केला. त्यांचा मुद्दा: *पेक'उ म्हणजे आधी चल मालमत्ता, नंतर त्यातला मुख्य प्रकार म्हणून जनावरं, आणि त्याहून नंतर काही भाषांत फक्त मेंढ्या. गुरांकडून पैशाकडे नव्हे, मालमत्तेकडून गुरांकडे.

त्यांचा आधार आम्ही एकेक करून तपासला.

गॉथिक: वुल्फिलाच्या बायबलमध्ये (वुल्फिलानं केलेला गॉथिक अनुवाद) 'फेहू' फक्त पैसा आणि संपत्ती. मार्क 10:22मधल्या श्रीमंत माणसाकडे 'फेहू मानाग' आहे, पुष्कळ मालमत्ता. जनावरांसाठी तिथे वेगळे शब्द. बरोबर.

लॅटिन: पेकूनिआ, पेकूलिउम यांच्या वापरात गुरांचा मागमूस नाही. बरोबर.

वैदिक: हा पुरावा आपल्याला सगळ्यात जवळचा. अथर्ववेद 11.2.9 पाच पशू मोजतो: गायी, घोडे, पुरुष, शेळ्या, मेंढ्या. यादीत माणूस आहे. 'द्विपाद' आणि 'चतुष्पाद' पशू ही जोडीही वेदांत वारंवार येते. लोकर देणाऱ्या मेंढीपासून सुरुवात केली तर माणूस यादीत कसा शिरला हे सांगणं कठीण. 'घरची चल मालमत्ता' म्हटलं तर बसतो. उम्ब्रियन या इटलीतल्या प्राचीन भाषेतल्या इगुविउमच्या ब्राँझ फलकांवर (सात फलक, इटलीत गुब्बिओला 1444मध्ये सापडले) 'वेइरो पेक्वो', माणसं आणि पशू, अशी रक्षणाची प्रार्थना आहे; अवेस्तात 'पसु वीर' हीच जोडी. मात्र जोडीत माणूस पशूच्या शेजारी आहे, अथर्ववेदातल्यासारखा पशूंच्या आत नाही. बेनवेनिस्तांच्या बाजूनं ती अर्धीच मोजली.

अर्थ या दिशेनं सरकू शकतो का? सरकतो, आणि तारखांसह दाखवता येतो. इंग्रजी 'कॅटल' हा मध्ययुगीन लॅटिन 'कापिताले'वरून, म्हणजे भांडवल, 'कापुत' म्हणजे डोकं यावरून. आधी 'मालमत्ता', मग 'चल मालमत्ता', शेवटी फक्त गुरं. त्याचंच कायद्यातलं जुळं भावंड 'चॅटल' मालमत्तेवरच थांबलं. अरबी 'माल' म्हणजे संपत्ती; तुर्की-कझाक भाषांत तोच शब्द गुरांसाठी. मराठीत आला तो दुकानदाराचा 'माल' होऊन.

6 फेब्रुवारी

विरुद्ध बाजू. ओसेटियन 'फिस' मेंढी, कुर्दी 'पेज' शेळ्या-मेंढ्या, खोतानी 'पस' मेंढी. सगळे जुन्या इराणी 'पसु'चे. फारसी 'शुबान' म्हणजे मेंढपाळ, जुनं 'फ्शु-पान', पशूंचा राखणदार. इटालियन 'पेकोरा' मेंढी. इतक्या ठिकाणी मेंढीच का उरावी?

पेकोराबाबत उत्तर हाती आहे: लॅटिनमध्ये 'पेकोरा' हे अनेकवचन सगळ्या जनावरांना लागू होतं, मेंढीपुरतं ते नंतर आकुंचन पावलं. म्हणजे निदान एका भाषेत मेंढी हा शेवटचा टप्पा, पहिला नव्हे. इराणी शब्दांचंही तसंच, कारण अवेस्ती पसु अजून व्यापक आहे. आर्मेनियन 'असर' मात्र असं सहज उडवून देता येत नाही. मालमत्तेकडून लोकरीकडे जाणारी वाट कुणी नीट दाखवलेली नाही.

आमचा कल बेनवेनिस्तांकडे, पण 'पक्कं' लिहिण्याइतका नाही. नोंदीत मूळ अर्थ 'चल मालमत्ता, विशेषतः पाळीव जनावरं' आणि अर्थाच्या रकान्यात: वाद. पहिल्या दिवशीचं ते लोकप्रिय वाक्य नोंदीत येणार नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी वारोचं मत म्हणून, वारोच्या नावानिशी वापरावं.

10 फेब्रुवारी

राहिलेली शाखा: इंग्रजी 'फी', आणि तिच्यामागून मराठी 'फी'. शाळेची, डॉक्टरची, कोर्टाची.

सरधोपट मार्ग असा: जुनी इंग्रजी 'फेओह' (गुरं, पैसा), तेच आजचं 'फी'. आवाज जुळतो, अर्थ जुळतो, आणि तरी बहुधा चूक. 'फेओह' मध्यकालीन इंग्रजीत 'फे' होऊन राहिला, पण आजच्या 'फी'चे अर्थ दुसऱ्या शब्दाचे आहेत. नॉर्मन राजवटीत अँग्लो-फ्रेंच 'फी' म्हणजे सेवेच्या बदल्यात धारण केलेली जमीन. इंग्रजी जमीन कायद्यातला 'फी सिंपल' अजून तोच. जमिनीसारखंच एखादं पदही धारण केलं जाई, त्या पदाला जोडून ठरावीक मिळकत येई, आणि त्या मिळकतीलाच पुढे 'फी' म्हणू लागले. मग अधिकारी, वकील, वैद्य यांना द्यायचा मोबदला.

अँग्लो-फ्रेंच 'फी' मध्ययुगीन लॅटिन 'फेओदुम'च्या घराण्यातला, 'फ्यूडल' तिथलाच. फेओदुमचा पहिला भाग फ्रँकिश (फ्रँक लोकांची जर्मानिक भाषा) *फेहु, हेच सर्वाधिक मान्य मत. म्हणून साखळी:
- मराठी फी ← इंग्रजी फी ← अँग्लो-फ्रेंच फी: पक्कं.
- त्यामागे फ्रँकिश *फेहु: बहुधा.
- *फेहु ← *पेक'उ → पशु: पक्कं.

एक कडी 'बहुधा' असली की अख्खी साखळी 'बहुधा'. 'फी आणि पशू एकाच मुळाचे' असं लिहायचं तर तेवढा शब्द जोडूनच लिहायचं.

'पैसा' आणि 'पेकूनिआ' यांची जोडी लावायचा मोह मात्र अजिबात नको. 'पैसा'चा संबंध 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा या घराण्याशी सांगितला जातो. मूळ भाषेतला क' मराठीत तद्भव वाटेनं 'स' होऊ शकेल, पण मग 'ऐ' कुठून आला याला उत्तर नाही.

12 फेब्रुवारी

'फेलो' तपासायचा राहिला होता. जुनी नॉर्स 'फेलागी': 'फे' म्हणजे पैसा, आणि 'लाग' म्हणजे टाकणे, ठेवणे. सामाईक धंद्यात पैसा घालणारा, भागीदार. इंग्रजीत तो जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात नॉर्स लोकांच्या वस्तीबरोबर आला. 'भागीदार'चा 'सोबती', सोबत्याचा 'गडी', आणि विद्यापीठांत सामाईक उत्पन्नावर वाटा असलेला सदस्य. ध्वनी पक्कं, अर्थ पक्कं. फेलोशिपची रक्कम वेळेवर न मिळणाऱ्या संशोधकांसाठी ही माहिती किती उपयोगी ते माहीत नाही, पण 'पेक्युनिअरी'च्या नोंदीत ती 'फी'च्या वर ठेवली आहे, कारण तिच्यात एकही 'बहुधा' नाही.